कोणाच्या हातचा चहा?

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तेरखेड्याला आलेल्या पाहुण्याला बसायला जागा मिळेल, पण निवांत बोलायला माणूस मिळायचा नाही. सोलापूर–धुळे महामार्गावर, येरमाळ्याच्या पुढे, वाशी तालुक्यातले हे आमचे गाव. मराठवाड्यात त्याचे नाव निघते ते शोभेच्या दारूसाठी. गावाबाहेरच्या माळावर फटाक्यांचे कारखाने आणि रस्त्याच्या कडेला फटाक्यांची दुकाने. वर्षभर भिंगरीसारखे फिरणारे हात या दिवसांत तर क्षणभर थांबत नाहीत.

गेल्या वर्षी अशाच गडबडीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, कुरियरचा मुलगा आमच्या दारात एक चपटा पुडा देऊन गेला. धाकट्या सूनबाईंनी मोबाईलवरून जपानचा हिरवा चहा मागवला होता. तिचा भाऊ पुण्यात जपानी भाषा शिकला आणि कंपनीच्या कामासाठी वर्षभर तिकडे राहून आला. राखीपौर्णिमेला त्याने आणलेला मूठभर चहा तिने चाखला होता आणि ती चव तिच्या जिभेवर राहिली होती. शिलाईच्या पैशांतून अठराशे रुपये बाजूला काढून तिने शंभर ग्रॅमचा पुडा मागवला. दिवाळीला घरात सगळे जमतील, त्यांना काही नवे द्यावे, एवढाच तिचा हेतू.

पुडा फोडला. पाने हिरवी कसली, पिवळट तपकिरी! वास वाळल्या कडब्याचा. तरीही घरच्या रिवाजाप्रमाणे आधण खळखळ उकळले, त्यात दोन मुठी पाने पडली, वर झाकण बसले आणि पाच मिनिटांनी कपाकपांतून जे आले ते कडू जहर. माझी थोरली बहीण, जिला सारे गाव आक्का म्हणते, तिने एक घोट घेऊन बशी खाली ठेवली आणि विचारले, “कोणाच्या हातचा गं बाई हा चहा? अठराशे रुपयांत आपल्या विहिरीवरचा गवती चहा गाडीभर आला असता!”

सगळे हसले. सूनबाई हसल्या नाहीत. “अप्पा, चित्रात तर हिरवागार दिसत होता,” एवढेच म्हणून त्या पुडा घेऊन आत गेल्या.

आक्का बोलून गेली थट्टेने, पण तिचा प्रश्न माझ्या मनात राहिला. कोणाच्या हातचा चहा? महाराष्ट्राच्या इतिहासात हा प्रश्न एकदा फार मोठ्याने विचारला गेला आहे. त्या वेळी तो चुकीच्या कारणासाठी विचारला गेला. आज तो योग्य कारणासाठी विचारण्याची वेळ आली आहे, आणि आज मात्र आपण तो विचारीत नाही.

*

१४ ऑक्टोबर १८९० ची गोष्ट. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी भिडेखातर पेला नुसता हातात धरला. प्रकरण तिथेच संपले असते. परंतु या साऱ्यामागे गोपाळराव जोशी होते. पहिल्या मराठी स्त्री-डॉक्टर आनंदीबाईंचे हे यजमान मोठे विक्षिप्त आणि खोडकर गृहस्थ. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात एकच गहजब उडाला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा! ग्रामण्य उभे राहिले, फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी झाली, प्रायश्चित्ते ठरली. काशीस आपण प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. १८९२ साली रानड्यांनीही, सुधारक मित्रांचा रोष पत्करून, प्रायश्चित्त घेतले. एका पेल्याने दोन वर्षे शहर ढवळून काढले.

त्या साऱ्या वादात चहा कसा होता, ताजा की शिळा, शुद्ध की भेसळीचा, हे कोणी विचारले नाही. ज्या हाताने पेला पुढे केला त्याची जात आणि धर्म एवढाच सवाल होता. ज्या हातांनी पान खुडले, वाळवले, पेटीत भरले, त्या हातांचा विचार कोणाच्या मनातही आला नसेल.

तो शिवाशिवीचा प्रश्न मागे पडला हे उत्तमच झाले. पण प्रश्नाबरोबर त्यातला एक चांगला भागही आपण फेकून दिला. वस्तू कोणाकडून आली, तिच्या खरेपणाची हमी कोणाची, हे विचारण्यात कसलाही सोवळेपणा नाही. तो व्यवहाराचा पाया आहे.

*

दुरून न पाहता माल मागवणे ही मोबाईलने आणलेली नवलाई आहे असे आपण समजतो. आमच्या जिल्ह्याला तरी ती नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातच तेर नावाचे प्राचीन गाव आहे. नावे जवळची म्हणून वाचकांनी तेर आणि तेरखेडा यांची गल्लत करू नये. ही दोन वेगळी गावे. हे तेर म्हणजेच प्राचीन ‘तगर’, असे फ्लीट या इंग्रज संशोधकाने १९०१ साली दाखवून दिले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी प्रवासाच्या टिपणात तगराचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे फार मोठे शहर असून तिथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदराला जाते, असे तो सांगतो. तिथून ते कापड जहाजांनी पश्चिमेकडे जाई. रोमच्या साम्राज्यातल्या ज्या बाईने ती मलमल नेसली, तिने तेरचा विणकर कधी पाहिला असेल? तिचा विश्वास दुकानदारावर, त्याचा जहाजवाल्यावर, जहाजवाल्याचा भडोचच्या शेटजीवर आणि शेटजीचा तगरच्या साळ्यावर. विश्वासाची ही साखळी जिथे तुटे तिथे व्यापार तुटे.

ही साखळी जोडणारी कडी म्हणजे वानगी. बार्शीच्या आडतीवर पोत्यातली मूठभर तूर तळहातावर घेऊन खरेदीदार भाव बोलतो तीच. पण काही वस्तू अशा असतात की त्यांची पारख करायची तर त्या संपवाव्या लागतात. फटाका खरा की फुसका हे पेटवल्याशिवाय कळत नाही, आणि पेटवला की तो उरत नाही. चहाचेही तसेच. पान कितीही न्याहाळा, खरी परीक्षा पाण्यात. म्हणून या दोन्ही मालांत वानगीच्या पुढचे सारे विकणाऱ्याच्या शब्दावर चालते.

त्यातून जपानी हिरवा चहा हे फार नाजूक प्रकरण. काळा चहा आणि हिरवा चहा एकाच झाडाचे. पान खुडल्यावर ते मळून हवेत ठेवले की आपोआप काळवंडते आणि त्याचा काळा चहा होतो. हे काळवंडणे थांबवायचे तर पानाला लगेच उष्णता द्यावी लागते. चीनमध्ये बहुधा कढईत भाजतात. जपानात वाफ देतात, अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत. मग गरम हवेत मळून, सुईसारखे वळून वाळवतात. त्यामुळे पानाचा हिरवा रंग, ओल्या गवताचा वास आणि समुद्राची आठवण देणारी चव टिकते. पण ती टिकते तेवढीच. प्रकाश, उष्णता, दमट हवा आणि शेजारच्या मसाल्याचा वास हे चार चोर तिच्या मागावर असतात. आपला काळा दाणेदार चहा डब्यात वर्षभर निभावतो. हा उघडा राहिला तर महिन्या-दोन महिन्यांतच उतरतो.

*

जपानात चहा रुजवण्याचे श्रेय एइसाई या बौद्ध भिक्षूला देतात. ११९१ साली तो चीनहून परतताना चहाचे बी घेऊन आला आणि १२११ साली त्याने चहाच्या गुणांवर ग्रंथ लिहिला. क्योटोजवळच्या तोगानोओ येथे बी लागले. तिथल्या चहाची कीर्ती एवढी झाली की त्याला ‘खरा चहा’ आणि बाकी साऱ्या गावांच्या चहाला ‘इतर चहा’ म्हणू लागले. चौदाव्या शतकात सरदारांच्या मैफली भरत. पेले फिरत आणि यातला खरा कोणता, इतर कोणता, हे चवीवरून ओळखण्याच्या पैजा लागत. म्हणजे पाहा, चहा नावारूपाला आला तसा ‘कुठला?’ हा प्रश्नही त्याच्याबरोबर जन्मला. पुढे खरेपणाचा हा मान उजी या गावाकडे गेला.

आज ज्याला सेन्चा म्हणतात तो मात्र बराच अलीकडचा. १७३८ साली उजीजवळच्या एका खेड्यातल्या नागातानी सोएन या शेतकऱ्याने कोवळी पाने वाफवून, तापल्या पृष्ठावर हातांनी मळून वाळवण्याची रीत बसवली. पंधरा वर्षे तो त्यापाठी होता असे सांगतात. माल तर झाला, पण घेणार कोण? तो एदोला, म्हणजे आजच्या तोकियोला, पायी गेला. लोकांना तपकिरी चहाची सवय. हा हिरवा चहा पाहून दुकानदारांनी माना हलवल्या. यामामोतो काहेई नावाच्या एका व्यापाऱ्याने तेवढा तो चाखला आणि सगळा घेतला. पुढे त्या पेढीने या चहावर नाव आणि पैसा दोन्ही मिळवले. एका शेतकऱ्याच्या हाताला एका व्यापाऱ्याची जीभ मिळाली, तेव्हा कुठे जपानचा हिरवा चहा बाजारात उभा राहिला.

आणि मग आली नागासाकीची ओउरा केई. ही तेलाच्या व्यापाऱ्याची मुलगी, १८२८ चा जन्म. घराची पेढी डबघाईला आलेली. जपानची दारे परदेशी व्यापाराला जवळजवळ बंद होती. युरोपीयांपैकी एकट्या डचांना नागासाकीत मुभा होती. १८५३ च्या सुमारास, ज्या वर्षी अमेरिकेची काळी जहाजे जपानच्या किनाऱ्याला लागली त्याच काळात, केईने एका डच व्यापाऱ्याच्या हाती चहाच्या वानग्या दिल्या आणि इंग्लंड, अमेरिका, अरबस्थानाकडे पाठवल्या. वर्ष गेले, दुसरे गेले. काही वर्षांनी विल्यम ऑल्ट नावाचा इंग्रज व्यापारी ती वानगी घेऊन तिला शोधीत नागासाकीत आला. मागणी होती सुमारे बहात्तर टनांची! सारे क्युशू बेट धुंडाळून तिला जेमतेम सहा टन जमवता आले. पण व्यापाराचे दार उघडले.

तिच्या गोष्टीचा उत्तरार्ध सांगितल्यावाचून राहवत नाही. १८७१ साली एका ओळखीच्या गृहस्थाने तंबाखूचा सौदा पुढे केला आणि केई त्याला जामीन राहिली. माल आलाच नाही. ज्या बाईने आपल्या शब्दावर साता समुद्रांपलीकडे माल विकला होता, ती दुसऱ्याच्या शब्दावर विश्वासून कर्जात बुडाली. उरलेले आयुष्य तिने देणी फेडण्यात घालवले. १८८४ साली, मरणाच्या थोडे आधी, चहाच्या निर्यातीची पायवाट पाडल्याबद्दल सरकारने तिचा सन्मान केला. विश्वास ही किती मोलाची आणि किती जोखमीची वस्तू आहे, हे तिच्याइतके कोणाला कळले असेल?

*

१८५९ साली योकोहामा बंदर खुले झाले आणि जपानी चहाचा ओघ अमेरिकेकडे वळला. लांबच्या सागरी प्रवासात चहा दमटू नये म्हणून बंदरावर तो पुन्हा भाजून घेत. परदेशी पेढ्यांच्या मोठाल्या शेडमध्ये तापल्या कढयांच्या रांगा असत आणि त्यांवर शेकडो बाया पहाटेपासून घामाघूम होऊन चहा परतीत असत. याच कढयांत खोटेपणाही शिरला. अमेरिकन गिऱ्हाइकाला चहा चकचकीत हिरवा-निळा दिसायला हवा होता. मग त्यात प्रशियन निळा रंग आणि गिरगोळ्यासारखी पांढरी भुकटी चिमूट-चिमूट पडू लागली. हा प्रकार जपानचा नव्हे, आधी चीनचा. रॉबर्ट फॉर्च्यून याने तो चीनमध्ये प्रत्यक्ष पाहिला आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते रंग लोकांपुढे ठेवले होते.

दोष एकट्या विकणाऱ्याचा म्हणता येईल का? घेणाऱ्याने चवीऐवजी रंग मागितला, विकणाऱ्याने रंग दिला. आमच्या सूनबाईंनी मोबाईलवरच्या हिरव्यागार चित्रावर भाळून पुडा मागवला, तेव्हा दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गिऱ्हाइकाचीच चूक त्यांनी केली.

अमेरिकेने १८८३ साली भेसळीचा चहा आणण्याला बंदी करणारा कायदा केला. जपान जागा झाला. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, चहावाल्यांचे संघ स्थापण्याचे नियम सरकारने काढले आणि खोट्या मालाला आळा घालण्याचे काम त्या संघांकडे आले. १८९७ च्या अमेरिकन कायद्याने तर सात पारख्यांचे मंडळच नेमले. दरवर्षी या मंडळाने प्रत्येक जातीच्या चहाची एक प्रमाण वानगी ठरवायची आणि येणारा माल तिच्याशी ताडून पाहायचा. हे मंडळ १९९६ पर्यंत चालू होते! १९११ मध्ये रंगवलेला चहा आणण्यालाही तिथे मनाई झाली. बार्शीच्या आडतीवरची मूठभर तूर आणि या पारख्यांची वानगी, तत्त्व एकच.

याच काळात जपानची दृष्टी आपल्याकडेही वळली. १८७६ साली जपान सरकारने तादा मोतोकिची या माणसाला हिंदुस्थानात धाडले. तोकुगावांचा हा जुना चाकर, सत्ता गेल्यावर शिझुओका भागात जमीन तोडून चहा लावून राहिला होता. तो दार्जिलिंग आणि आसामात हिंडला, काळा चहा कसा करतात ते शिकला आणि चहाचे बी घेऊन परतला. जपानच्या काळ्या चहाच्या काही जातींत आजही त्या बियाण्याचे रक्त आहे. एका परक्या माणसाने आपल्या मळ्यांत उभे राहून एवढे शिकून घेतले, त्या वेळी आपल्या बहुतेक घरांत चहाची ओळखही नव्हती. ती झाली विसाव्या शतकात. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे बंद पुड्यांतला भुकटीचा चहा गावोगाव गेला, दूध-साखरेत मुरला आणि आपला झाला. त्या पुड्यावरचे छापील नाव हीच आपली वानगी ठरली. पुडा तोच, चव तीच, विचारायचे काय? ‘कोणाच्या हातचा?’ हा प्रश्न आपण विसरलो तो तिथे.

*

आता जपानचा चहा घरबसल्या मागवणाऱ्याने काय पाहावे? दिवाळीनंतर मी आणि सूनबाई पुष्कळ दिवस याच्या मागे होतो. जे हाती लागले ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट हंगाम. जपानात वसंताच्या आरंभापासून अठ्ठ्याऐंशीव्या रात्रीचे, म्हणजे मेच्या दोन तारखेच्या सुमाराचे, मोठे माहात्म्य आहे. त्या सुमारास पहिली खुडणी होते आणि तो नवा चहा सर्वांत गोड. पुढच्या खुडण्यांचा चहा भरड आणि स्वस्त. ‘बान्चा’ नावाने तो विकला जातो आणि रोजच्या पिण्याला वाईट नसतो. पण पहिल्या खुडणीच्या भावात तो घेऊ नये. पुड्यावर कोणत्या वर्षीची, कितवी खुडणी हे लिहिलेले नसेल तर अठराशे रुपयांचा तो पुडा आमच्या पुड्यासारखाच निघण्याचा संभव फार.

दुसरी गोष्ट गाव. नुसते ‘जपानी’ म्हणजे नुसते ‘भारतीय आंबा’ म्हटल्यासारखे झाले. शिझुओका हा चहाचा सर्वांत मोठा प्रांत मानला जाई. परंतु २०२४ साली कच्च्या चहाच्या उत्पादनात दक्षिणेच्या कागोशिमाने त्याला मागे टाकले. ‘उजी’ हे नावही जपून वाचावे. २००४ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे क्योटो, नारा, शिगा आणि मिए या चार प्रांतांत पिकलेला आणि क्योटोच्या व्यापाऱ्यांनी क्योटो प्रांतात तयार केलेला चहा ‘उजी’ म्हणवता येतो. त्यात खोटे काही नाही, पण घेणाऱ्याला ठाऊक असावे.

तिसरी गोष्ट जात. बहुतेक सेन्चा ‘याबुकिता’ या वाणाचा. सुगियामा हिकोसाबुरो या शिझुओकाच्या माणसाने तो विसाव्या शतकाच्या आरंभी निवडला आणि १९५३ साली त्याची नोंद झाली. झाडांवर वीसेक दिवस सावली धरून केलेला ‘ग्योकुरो’ महाग. सावलीतलीच पाने जात्यावर दळली की ‘माच्चा’. या माच्च्यावर ‘समारंभाच्या प्रतीचा’ असे मोठ्या अक्षरांत छापतात, पण तशी कोणतीही सरकारी प्रत जपानात नाही. जगभर मागणी एवढी वाढली की २०२४ च्या शरद ऋतूत उजी-क्योटोच्या जुन्या पेढ्यांना माच्चा मोजून विकावा लागला. टंचाई आली की तोतयेही येतात, हे व्यापाराचे जुने शास्त्र आहे.

चौथी गोष्ट हमी. परदेशातून आणून इथे रीतसर विकलेल्या पुड्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि तारखा असल्याच पाहिजेत. थेट जपानहून मागवला तर टपाल आणि आयातकर धरून किंमत कुठल्या कुठे जाते, तो हिशेब आधी करावा. आणि शंभर ग्रॅम एकदम न घेता तीस-पन्नास ग्रॅमची वानगी घ्यावी. चांगला विक्रेता वानगी द्यायला कचरत नाही.

पाचवी गोष्ट आपली स्वतःची चूक, आणि ती सांगायलाच हवी. उकळते आधण या चहाचा घात करते. सेन्च्याला सत्तर-ऐंशी अंश पुरे, म्हणजे उकळलेले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून थोडे थांबायचे. पाने एका माणसाला एक चमचा, वेळ एक मिनिट. दूध नाही, साखर नाही. त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतले तर दुसरी, वेगळी चव मिळते. गेल्या दिवाळीतल्या कडूपणात निम्मा वाटा विकणाऱ्याचा असेल, पण निम्मा आमच्या आधणाचा होता.

*

या साऱ्या खटपटीत मला राहून राहून आमच्या गावाचा फटाका आठवत होता. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कमी धुराचे, कमी आवाजाचेच फटाके विकावेत असा निकाल दिला आणि ‘हिरवे फटाके’ हा शब्द घरोघर गेला. त्यांची घडण आपल्याच नागपूरच्या नीरी या संस्थेने सिद्ध केली. मग खोक्यांवर खूण आली, मोबाईलने तपासायची चौकट आली आणि ती आली तशी तिच्या नकलाही बाजारात दिसू लागल्या. हिरवा चहा काय, हिरवा फटाका काय. ‘हिरवा’ ही अक्षरे छापायला शाईच लागते. ती खरी करायला माणूस लागतो.

त्या माणसाची किंमत आम्हा गावकऱ्यांना ठाऊक आहे. या धंद्यात अपघात होतात, माणसे दगावतात. ती बातमी वर्तमानपत्रात येते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. तुमच्या अंगणात सुतळीच्या गोळ्याचा बार उडतो तेव्हा ती सुतळी गुंडाळणाऱ्या बाईचे नाव कोणाला माहीत असते? योकोहामाच्या कढईवरच्या बाया आणि आमच्या माळावरच्या बाया एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. पण दोघींचे हात असे की घेणाऱ्याला ते कधी दिसायचे नाहीत. ‘कोणाच्या हातचा?’ हा प्रश्न विचारला तर निदान ते हात आठवतील. १८९० च्या पुण्याने हा प्रश्न माणसाला दूर लोटण्यासाठी विचारला होता. आपण तो माणसापर्यंत पोहोचण्यासाठी विचारला, तर त्या जुन्या ग्रामण्याचेही प्रायश्चित्त होईल.

या वर्षी जूनमध्ये सूनबाईंनी पुन्हा एक पुडी मागवली. पन्नासच ग्रॅम. त्यावर खुडणीचे वर्ष होते, गाव होते, वाण होता, आणि ज्याने पिकवला त्या शेतकऱ्याच्या घराण्याचे नाव होते. पाणी निववून चहा केला. पेल्यात कोवळ्या उसाच्या पानाचा रंग उतरला. आक्काने घोट घेतला, थोडा वेळ तोंडात धरला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, “कोणाच्या हातचा गं हा?”

सूनबाईंनी पुडीवरचे नाव वाचून दाखवले. ते जपानी नाव आक्काच्या जिभेला काही वळले नाही. दोनदा प्रयत्न करून तिने नाद सोडला, पेला पुढे केला आणि म्हणाली, “असू दे, बरा हात दिसतोय त्याचा. त्याच पानांवर आणखी पाणी घाल.”